चुकांसाठी एक रकाना

नवी दिल्लीचा कस्तुरबा गांधी मार्ग कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळापासून निघतो आणि इंडिया गेटच्या परिसरात संपतो. याच मार्गावर महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू आहे. गेल्या फेब्रुवारीत एका बैठकीसाठी दिल्लीस गेले असता तेथे माझा मुक्काम होता. रात्री उपाहारगृहात शेजारच्या मेजावर यवतमाळ जिल्ह्यातील आठ-दहा शेतकरी बसले होते. पुसा येथील कृषी विज्ञान मेळा पाहण्यासाठी ते अभ्यासदौऱ्यावर आले होते. दिवसभर दालने आणि प्रात्यक्षिके पाहून थकले असले, तरी बोलण्याची हौस शिल्लक होती. मी कीटकशास्त्रात काम करते हे कळल्यावर त्यांच्यातील साठीच्या एका गृहस्थांनी ताट थोडे बाजूला सारले आणि विचारले, “मॅडम, २००६ साली तुमी लोक म्हणाले, आता बोंडअळीसाठी फवारा लागत नाही. २०१७ साली म्हणाले, फवारा. आता म्हणता, मोजल्याबिगर फवारू नका. पंचांगवाला तरी दरसाल एकच सांगते. मंग तुमच्या शास्त्रात अन् पंचांगात फरक काय?”

मेजावर हशा पिकला. मीही हसले आणि ठरावीक उत्तर दिले : विज्ञान आपल्या चुका दुरुस्त करते, पंचांग करीत नाही. गृहस्थांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “दुरुस्त झाली हे आमाले कोन सांगते?”

या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहे.

प्रथम पंचांगाविषयी न्यायाने बोलायला हवे. तिथी, ग्रहण, सूर्योदय यांचे गणित हा खगोलशास्त्राचाच भाग आहे आणि त्याच्याशी माझे भांडण नाही. त्या गृहस्थांचा रोख पर्जन्यविचारावर होता. नक्षत्राचे वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस, कोल्हा असेल तर ओढ, हे आपल्या घरोघरी ठाऊक असते. या भाकितांत एक गोष्ट कधीच आढळत नाही. गेल्या वर्षी कोणत्या नक्षत्राबाबत काय सांगितले होते आणि प्रत्यक्षात किती पाऊस पडला, याचा रकाना तेथे नसतो. भाकीत खरे ठरले तर लोक ते लक्षात ठेवतात, खोटे ठरले तर विसरतात. विज्ञानाचे वेगळेपण त्याच्या उपकरणांत, परिभाषेत किंवा पदव्यांत नाही. आपले म्हणणे कोणत्या परिस्थितीत खोटे ठरेल हे ते आधीच सांगते आणि नंतर ते खोटे ठरले की नाही याची नोंद ठेवते. निदान तसे त्याने करावे अशी अपेक्षा आहे. ही नोंद जर प्रयोगशाळेच्या कपाटातच राहिली आणि शेतकऱ्यापर्यंत केवळ शिफारस पोचली, तर त्याच्या दृष्टीने दोहोंत फरक उरत नाही. त्या गृहस्थांचा प्रश्न त्यामुळे उद्धट नव्हता. अचूक होता.

गुलाबी बोंडअळीचा इतिहास याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. या किडीचे शास्त्रीय वर्णन १८४० च्या दशकात झाले, तेही भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ती आपल्याकडे नवखी नाही. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीस भारतात मान्यता मिळाली. पहिल्या पिढीत क्राय१एसी हे एक विष होते. २००६ मध्ये क्राय२एबी या दुसऱ्या विषाची जोड असलेली बोलगार्ड-२ आली. त्या वर्षी मी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी होते. वर्धा जिल्ह्यातील एका शिवारफेरीत प्राध्यापकांच्या मागे उभी राहून मीही शेतकऱ्यांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते की, बोंडअळीचा प्रश्न आता मिटला. एका शेतकऱ्याने विचारले, “हे वाण किती साल चालन, ताई?” मी म्हणाले, “काळजी करू नका.” त्याच सत्रात कीटकांमधील प्रतिकारशक्तीच्या विकासावरचे प्रकरण मी परीक्षेसाठी पाठ केले होते. परीक्षेत लिहायचे ज्ञान वेगळे आणि बांधावर सांगायचे वेगळे, अशी विभागणी मला कोणी शिकवली नव्हती. तरीही ती मी केली.

बीटी तंत्रज्ञानामागे एक स्पष्ट अट होती. बीटीचे विष पचवू शकणारी अळी निसर्गात अगदी विरळ असते. तिच्यापासून झालेल्या पतंगाला जवळपास विषाला बळी पडणारे भरपूर पतंग भेटले, तर त्यांची संतती पुन्हा विषाला बळी पडते. असे पतंग जगावेत म्हणून बीटीच्या शेजारी साधी कपाशी हवी. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीचे ‘रेफ्युजी’ बियाणे त्यासाठीच दिले जाई. एकूण क्षेत्राच्या २० टक्के अथवा कडेने पाच ओळी, यांपैकी जे अधिक असेल तेवढी त्याची लागवड करायची होती. ते छोटे पाकीट बहुतेक घरांत गोठ्याच्या वळचणीला पडून राहिले किंवा उकिरड्यावर गेले. त्या बियाण्याची उगवण आणि फुलोऱ्याचा काळ मूळ वाणाशी जुळत नसल्याच्या तक्रारीही होत्या. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण मुद्दाम अळ्या पोसण्यासाठी जमीन राखून ठेवायची, ही विलक्षण कल्पना त्याला कोणी नीट समजावून दिली होती? पाकिटावर सूचना होती, कारण नव्हते. कारण नसलेली सूचना पाळायची ती केवळ भीतीपोटी किंवा भक्तीपोटी, आणि आपल्या शेतकऱ्यापाशी बियाण्याच्या कंपनीविषयी यांपैकी काहीच नव्हते.

हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा, टोमॅटो अशी अनेक पिके चालतात. त्यामुळे तिच्यासाठी रेफ्युजीची सोय निसर्गानेच केलेली होती. गुलाबी बोंडअळी आपल्याकडे जवळजवळ सर्वस्वी कपाशीवर जगते. तिच्यासाठी ते १२० ग्रॅम हाच एक आधार होता. त्यात आपण लावतो ते संकरित वाण. संकरित झाडाच्या बोंडातील सरक्यांमध्ये विषाच्या जनुकांची फाटाफूट होते. काही सरक्यांत दोन्ही विषे, काहींत एकच, काहींत एकही नाही. बोंडात शिरलेल्या अळीला अशा मिश्र आहारावर विष पचवण्याचा जणू सरावच मिळतो. भरीला फरदडीचा मोह. डिसेंबरात संपायचे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहिले की अळीला दोन पिढ्या अधिक मिळतात आणि पुढच्या हंगामापर्यंतचे अंतर कमी होते.

यातील बहुतेक गोष्टी विज्ञानाला आधीच ठाऊक होत्या, हे या कथेतील खरे दुःख आहे. गुजरातेतील अमरेलीहून २००८ मध्ये गोळा केलेल्या अळ्यांमध्ये क्राय१एसीविरुद्ध प्रतिकार दिसला. त्या चाचण्या दिल्लीतच, पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या कीटकशास्त्र विभागात झाल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये बियाणे तंत्रज्ञानाच्या मालक कंपनीनेही गुजरातेतील प्रतिकार जाहीरपणे मान्य केला होता. पुढे काही वर्षांतच दुसरे विषही निष्प्रभ होत असल्याचे दिसू लागले. असे असताना २०१७ चा खरीप आला. राज्यात ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर कपाशी होती. वेचणीच्या वेळी बोंडे उघडून पाहिली तेव्हा किडलेल्या सरक्या, डागाळलेला कापूस आणि आत निवांत बसलेली गुलाबी अळी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. माणसाच्या उंचीहून वर गेलेली कपाशी, एकाच टाकीत कालवलेली दोन-तीन औषधे, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, दमट हवा. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत फवारा मुळातच पोचत नाही. पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला हे कोणी सांगितले होते?

बोलगार्डची शिफारस गावागावांत पोचायला दोन हंगाम लागले. तिच्याविषयीची शंका पोचायला जवळजवळ दहा वर्षे लागली, आणि तीही आमच्या पत्रकांतून नव्हे. ती किडलेल्या बोंडातून पोचली.

हेच विष आणि हीच कीड अन्यत्रही होती. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात शेतकऱ्यांनी सुरुवातीची दहा वर्षे रेफ्युजीचा नियम काटेकोरपणे पाळला. त्यानंतर २००६ पासून प्रयोगशाळेत वाढवलेले वांझ पतंग विमानातून शेतांवर सोडण्यात आले आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील कपाशी या किडीपासून मुक्त झाल्याचे तेथील कृषी खात्याने जाहीर केले. चीनमध्ये यांग्त्सी नदीच्या खोऱ्यात नियम असा काही नव्हता. मात्र तेथे संकरित वाणाच्या दुसऱ्या पिढीचे स्वस्त बियाणे वापरात आले. त्यातून शेतात सुमारे एक चतुर्थांश झाडे आपोआप बिनविषाची उगवली आणि नकळत रेफ्युजी तयार झाली. तेथील किडीतील प्रतिकार वाढण्याऐवजी मागे हटल्याचे अनेक वर्षांच्या निरीक्षणातून दिसून आले. एका देशात शिस्तीने, दुसऱ्या देशात काटकसरीच्या योगायोगाने जे साधले, ते आपल्याकडे हातचे गेले. जनुक एकच असताना तीन समाजांत तीन निकाल लागतात, तेव्हा केवळ जनुकाचे गुणदोष सांगत बसणे हे अपुरे विज्ञान होय. बियाण्याचा बाजार, पाकिटाची रचना, जिरायती शेतकऱ्याची निकड, विस्तार यंत्रणेतील रिक्त पदे, हे सारे त्या प्रयोगाचेच घटक होते. आम्ही ते प्रयोगाबाहेरचे मानले.

त्या रात्री जेवणानंतर मी कस्तुरबा गांधी मार्गावर थोडे पाय मोकळे करायला बाहेर पडले. या रस्त्याचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. ज्या व्हाइसरॉयचे हे नाव, त्याच्याच कारकिर्दीत १९०५ साली बिहारमधील पुसा गावी शेती संशोधनाची संस्था स्थापन झाली. तिला हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याने ३०,००० पौंडांची देणगी दिली होती. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारत उद्ध्वस्त झाली, १९३६ मध्ये संस्था दिल्लीस आली आणि गावाचे नावही सोबत घेऊन आली. त्या संस्थेतील पहिले सरकारी कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचे भारतीय कीटकांवरील ग्रंथ १९०६ व १९०९ चे. त्यांतील निरीक्षणे आजही आदराने वाचावीत अशी आहेत. मात्र ते ज्ञान साहेबाने साहेबासाठी लिहिलेले होते. रयतेने काय करावे, हे शेवटी वरून खाली यायचे. रस्त्याचे नाव बदलले. आमच्या शिफारशींचा सूर बदलला आहे का, याची मला खात्री नाही.

शाळेत मराठी व्याकरणात क्रियापदाचे अर्थ शिकवतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. आमच्या घडीपत्रिका उघडून पाहा. फवारावे, टाळावे, पेरणी करू नये, सापळे लावावेत. सगळा विध्यर्थ, अधूनमधून आज्ञार्थ. ‘जर अमुक असेल तर तमुक होईल’ हा संकेतार्थ आमच्या गद्यातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. विज्ञान मात्र राहते ते संकेतार्थात. ‘जर’ काढून टाकला की उरते ती केवळ आज्ञा, आणि आज्ञा मोडली जाते तेव्हा मोडणाऱ्याला आपण काय मोडले हे कळतही नाही.

एक उदाहरण देते. कपाशीचे बियाणे मे महिन्यात विकू नये, असे बंधन २०१७ नंतर राज्यात आले. त्यामागचा तर्क सुंदर आहे. सुप्तावस्थेतून बाहेर पडणारे गुलाबी बोंडअळीचे पतंग पूर्वमोसमी पावसासोबत उडू लागतात. त्या वेळी शेतात पात्या-फुलेच नसतील, तर त्यांना अंडी घालायला योग्य जागा मिळत नाही आणि ती पिढी वाया जाते. लागवड उशिरा सुरू करण्याचे सारे मर्म यात आहे. गावात मात्र हे “सरकारचा आदेश आहे” या तीन शब्दांत पोचते. मग सीमेलगतचा शेतकरी शेजारच्या राज्यातून बियाणे आणतो आणि आपण सरकारवर मात केल्याच्या समाधानात पतंगांच्या पहिल्या पिढीची सोय करून देतो. त्याला आदेशाऐवजी तर्क मिळाला असता तर प्रत्येकाने तो मानला असता, असा माझा दावा नाही. पण गावातील पाच जणांनी तरी उरलेल्यांशी वाद घातला असता. आदेशाच्या बाजूने वाद घालायला कोणी उभे राहत नाही.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे, कारण ते एका आकड्याचे आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, किंवा दहा टक्के फुले वा हिरवी बोंडे किडलेली आढळली, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे आपण सांगतो. हा आठ कोठून आला? तो प्रकाशाच्या वेगासारखा निसर्गाचा स्थिरांक नाही. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी ही संकल्पना मांडली, तेव्हाच तिच्यात बाजार होता. फवारणीचा खर्च किती, कापसाला भाव किती, एक कीड किती नुकसान करते आणि फवारणीने त्यातले किती वाचते, यांचा तो हिशेब आहे. कापसाचा भाव चढला तर कमी किडीवरही फवारणी परवडते. मजुरी आणि औषध महागले तर थोडी अधिक कीड सोसणे शहाणपणाचे ठरते. शिवाय सापळ्यात सापडतात ते फक्त नर. त्यातील गॉसिप्लूरची वडी वेळेवर बदलली नसेल तर सापळा रिकामा राहतो आणि शेत सुरक्षित असल्याचा भास होतो. सापळा जिनिंगजवळ असेल तर तो भरून वाहतो. म्हणून सापळ्याच्या जोडीला शेतातून वीस हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहायची असतात. हे सारे सांगितले तर आठ हा आकडा कमकुवत होतो का? माझ्या मते तो आता कुठे उपयोगी होतो. हिशेबाच्या मागची बेरीज ज्याला कळली, तो आपल्या शेतापुरती ती पुन्हा करू शकतो.

आक्षेप मला ठाऊक आहे. आमच्या कृषी सहायक मित्रांनी तो अनेकदा ऐकवला आहे. “मॅडम, शेतकऱ्याला स्पष्ट उत्तर हवे असते. आम्ही जर-तर करू लागलो की तो कृषी सेवा केंद्रात जातो. तेथील दुकानदार एका वाक्यात बाटली हातात ठेवतो.” हा आक्षेप खोटा नाही. एका सहायकाकडे अनेक गावे, त्यात पंचनामे, योजनांचे अर्ज आणि ऑनलाइन नोंदी; त्याला समजावून सांगायला वेळ कोठून मिळणार? तरीही शेतकऱ्याला अनिश्चितता पेलत नाही, हे गृहीतक मला मान्य नाही. पावसाच्या भरवशावर बियाणे मातीत टाकणारा आणि भाव ठाऊक नसताना माल बाजारात नेणारा माणूस संभाव्यतेचा हिशेब आपल्यापेक्षा अधिक करतो. त्याला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ठामपणे सांगितलेले फिरवले जाते आणि फिरवल्याचे कोणी कबूल करीत नाही. दुकानदाराच्या ठामपणाशी आपण ठामपणानेच स्पर्धा केली तर हरणार आपणच, कारण त्याच्यापाशी उधारीची वहीही आहे.

उलट बाजूचाही एक धोका आहे. विज्ञान बदलते, म्हणजे सगळेच सारखे, असे म्हणत ‘जैविक’, ‘हर्बल’, ‘चमत्कारी’ अशा लेबलांच्या बाटल्या विकणारे गावोगाव फिरतात. बाटलीत नेमके काय आहे, कोणत्या किडीवर किती मात्रेत त्याची चाचणी झाली, हे कुठेच लिहिलेले नसते. त्यांच्यापासून शेतकऱ्याला वाचवायचे असेल तर ‘आमचे ऐका, त्यांचे ऐकू नका’ हे पुरेसे नाही. ‘गेल्या वर्षी तुम्ही सांगितलेले कुठे चुकले ते दाखवा’ हा एकच प्रश्न शेतकऱ्याने दोघांनाही विचारावा. बाटलीवाला तेथे निरुत्तर होईल. आम्ही होणार नाही, अशी तयारी मात्र आम्हाला ठेवावी लागेल.

ती तयारी करणे आपल्या राज्याला अवघड नाही, कारण तिचा अर्धा भाग आपल्यापाशी आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर स्पोडोप्टेरा आणि उंटअळीचा उद्रेक झाला. त्यातून धडा घेऊन २००९ मध्ये पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे आपला क्रॉपसॅप, सुरू झाला. कीड सर्वेक्षक शेतात जाऊन मोजणी करतात, नोंदी संगणकावर चढतात, दिल्लीतील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने त्यासाठी प्रणाली उभी केली, आणि कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ त्या नोंदींवरून सल्ले देतात. शेतातील मोजणीवर उभा असलेला सल्ला इतक्या मोठ्या प्रमाणावर देणारी ही व्यवस्था अभिमान वाटावा अशीच आहे. २०१७ नंतर जिनिंग कारखान्यांतील सापळे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे, फरदड न घेणे यांवर गावोगाव जो भर दिला गेला, त्यामागेही हीच मोजणी होती. शेतीशाळांमध्ये बायाबापड्यांनी हिरवी बोंडे फोडून अळ्या मोजलेल्या मी पाहिल्या आहेत; त्या दिवशी तेथे चाललेले काम आमच्या प्रयोगशाळेतील कामापेक्षा कमी दर्जाचे नव्हते.

आकडा गावातून वर जातो, सल्ला वरून गावात येतो. तिसरी फेरी मात्र होत नाही. दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे हंगाम संपल्यावर गावाला कोणी सांगत नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अमुक मंडळात फवारणीचा इशारा दिला होता. तेथे खरोखर कीड वाढली का? ज्यांनी फवारले नाही त्यांचे किती नुकसान झाले? कोणते इशारे व्यर्थ ठरले आणि कोणती लाट आमच्या नजरेतून निसटली? असा ताळेबंद गावपातळीवर मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. संशोधकांच्या अहवालांत त्याचे तुकडे असतात, इंग्रजीत आणि सरासरीच्या रूपात. माझी सूचना एवढीच आहे की, दरवर्षी जानेवारीत, फरदडीचा मोह टाळा हे सांगायला आपण गावात जातोच, तेव्हा मागील हंगामातील आपल्या सल्ल्यांची यादी फलकावर लावावी आणि प्रत्येकापुढे ‘काय झाले’ हा रकाना गावकऱ्यांसमोर भरावा. त्यात आपली चूक दिसली तर ती तशीच लिहावी. माझ्या पिढीतील संशोधकांना हे कठीण वाटेल. आमचे मूल्यमापन प्रसिद्ध झालेल्या निबंधांवर आणि प्रसारित केलेल्या शिफारशींवर होते. मागे घेतलेल्या शिफारशीला कोणी गुण देत नाही.

१९७६ च्या घटनादुरुस्तीने विज्ञाननिष्ठ दृष्टी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. आम्ही ते व्याख्यानांतून शेतकऱ्याला नेहमी ऐकवतो. या कर्तव्यातून संशोधन संस्थांना सूट दिलेली नाही, हे आम्हाला आठवत नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा शेतीच्या सुधारणांइतकाच शेतकऱ्याच्या मुलांच्या विद्येचा आग्रह धरला. शेतकऱ्याने केवळ सल्ला घेणारा राहू नये, त्याला तो तपासताही यावा, असा अर्थ मी त्यातून घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सदनाच्या फाटकाबाहेर शेतकऱ्यांची बस उभी होती. त्या गृहस्थांना मी आदल्या रात्रीच्या प्रश्नाबद्दल धन्यवाद दिले आणि एक विनंती केली. येत्या खरिपात दर आठवड्याला सापळ्यातील पतंग आणि वीस बोंडांतील अळ्या मोजून मला कळवा, मी त्यावरून सल्ला देईन. त्यांनी माझा क्रमांक घेतला. ते खरोखर कळवतील असे मला वाटले नव्हते. ऑगस्टपासून मात्र त्यांच्या वहीच्या पानांची छायाचित्रे माझ्या मोबाइलवर येऊ लागली. तारीख, सापळा पहिला, सापळा दुसरा, बोंडे, अळ्या. त्यापुढे मी न सांगितलेले दोन रकाने त्यांनी स्वतःच आखले होते : ‘मॅडम काय म्हणाल्या’ आणि ‘काय झालं’. आतापर्यंत चौदा नोंदी आहेत. त्यांपैकी अकरांपुढे बरोबरची खूण आहे, दोन जागा मोकळ्या आहेत. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पतंग पातळीखाली असल्याने फवारू नका असे मी कळवले होते; त्या नोंदीपुढे फुली आहे आणि कंसात लिहिले आहे, ‘खालच्या वावरात बोंडं गेली’. खालच्या वावरात सापळा होता की नव्हता, आणि शेवटची वडी कधी बदलली होती, हे विचारण्यासाठी मी रविवारी त्यांना दूरध्वनी करणार आहे.